दुसरा रकाना

२ फेब्रुवारी, सोमवार

एक्स्चेंज बंद! सकाळी गेले तर बोर्डावर खाकी कापड टाकलेलं आणि माझी खुर्ची बाहेर कॉरिडॉरमध्ये. सव्वीस वर्षं या हॉस्पिटलचा एकेक फोन माझ्या हातून जोडला गेला. आता म्हणे मशीन जोडणार — एक दाबा, दोन दाबा. दाबा!

मला घरीच पाठवतील असं धरून चालले होते. नाही पाठवलं. चौथ्या मजल्यावर स्टोअरच्या शेजारी एक खोली आहे, तिथं टेबल आणि फोन दिलाय. कॅन्सरच्या पेशंटना मनाचा आधार द्यायचा नवा प्रकल्प. त्याच्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण चालतात अशा की गाडी चुकतेय. म्हणाल्या, तुमचा आवाज चांगला आहे, तुम्ही फोन करा. कुणाला? तर उपचार अर्धवट टाकून गेलेल्यांना. यादीत एक्केचाळीस नावं. सगळे लांबचे, हातावर पोट असलेले. दर आठवड्याला फोन, प्रत्येकाचा सहा पानी फॉर्म. धीर कसा द्यायचा तेसुद्धा छापून दिलंय — पान चार.

आमचे हे म्हणाले, "बरं झालं. दिवसभर तिकडं बोलून घेशील, घराला जरा विश्रांती."

३ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ फोन केले. पाच जणांनी कापले. एकानं विचारलं, कुठली कंपनी? एका म्हातारबाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कुजबुजल्यासारखं म्हणाले, मुलगा आला की सांगतो. त्यांनाच आजार, आणि मुलगा आला की सांगणार!

फॉर्मचा पहिला प्रश्न — गेल्या आठवड्यात मनावर किती ताण होता? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. हा प्रश्न पेशंटनंच सोडवायचा. पेशंट फोनवर आला नाही तर नाव यादीतून कमी. मॅडमनी दोनदा बजावलंय.

अकरा वाजता ब्रशवाल्या बाईंना लावला. त्या घरी ब्रश भरतात — कारखान्यातून भोकं पाडलेली लाकडं येतात, त्यात केस ओवायचे. केमोच्या चार डोसांतला एक घेतला आणि परत आल्याच नाहीत. तीन तासांवरचं गाव. चौथ्या रिंगला फोन उचलला. मी छापील वाक्य वाचलं, की पेशंटशीच बोलायचंय, नाहीतर नाव कमी करावं लागेल. मग — "मीच बोलतेय."

खणखणीत आवाज. तिशीतला असेल असं वाटलं, फॉर्मवर बेचाळीस. काही आवाज म्हातारे होत नाहीत. ताण किती विचारलं तर म्हणाल्या, थांबा हं. मागं कामाची टकटक चालली होती. मग म्हणाल्या, आठ.

आठ! आणि किती शांतपणे सांगितलं.

४ फेब्रुवारी

घसा बसलाय. ह्यांना परमानंद.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ब्रशवाल्या बाई आज सत्तावीस मिनिटं बोलल्या. एक्स्चेंजमध्ये तीन मिनिटांच्या वर कॉल गेला की माझा हात आपोआप प्लगकडं जायचा. आज हात मांडीखाली दाबून बसले.

पान चारवरचं वाचून दाखवलं. डोळे मिटा, एखादी शांत जागा आठवा, तिथं तुम्ही एकट्याच आहात. त्या हसल्या. म्हणाल्या, "बाई, एकटं असायला जागा कुठाय? दोन खोल्या, त्यात एक लाकडांनी भरलेली." मलाही हसू आलं. मॅडम बाजूला नव्हत्या म्हणून बरं.

घरात त्या आणि त्यांची जाऊ. दोघींचे नवरे — सख्खे भाऊ — रस्त्याच्या कामावर लांब, महिनोन्महिने. जाऊ कशी आहे, विचारलं. "आहे," म्हणाल्या, "करते सगळं."

प्रत्येक प्रश्नाला आधी "थांबा हं", मागं टकटक, मग उत्तर. विचार करून बोलणारी बाई. अशी माणसं मला आवडतात. ताण आजही आठ.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज कळलं त्या का येत नाहीत!

आम्ही सगळे धरून बसलो होतो की प्रवास, खर्च, भीती. फॉर्ममध्ये कारणांची यादी आहे, बारा कारणं. एकही नाही. कारण असं, की केमोच्या हॉलमध्ये सहा तास बसावं लागतं, मध्ये काहीतरी पोटात जावं लागतं, आणि त्यांच्या तोंडाच्या ऑपरेशनपासून खाताना गळतं. समोरासमोर खुर्च्या. पहिल्या वेळी समोरच्या बाईनं आपल्या नातवाचं तोंड दुसरीकडं वळवलं. तेवढंच. ती काही बोललीसुद्धा नाही. त्या उठून घरी गेल्या त्या गेल्याच.

बाराच्या बारा कारणं खोडून खाली तेरावं लिहिलं. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन केमोच्या सिस्टरच्या डोक्यावर बसले. कोपऱ्यातली खुर्ची भिंतीकडं तोंड करून, मध्ये पडदा. सिस्टर म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. तिनं स्वतःच खुर्ची फिरवली.

परत फोन लावून सांगितलं. पलीकडं टकटक थांबली. मग एकदाच, टक. "येतो," म्हणाल्या.

येतो! जीव भांड्यात पडला. सव्वीस वर्षांत हजारो लाइनी जोडल्या असतील, असं कधी वाटलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काय लिहू.

त्या आल्या. मी मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर गेले. पडद्यामागं खुर्चीत एक उंच, हाडकुळी बाई, नाकाखाली रुमाल बांधलेला. शेजारी स्टुलावर दुसरी, गोल चेहऱ्याची, पिशवी मांडीवर. मी खुर्चीतल्या बाईंना म्हटलं, ओळखलंत का आवाज? आणि उत्तर आलं स्टुलावरून. तोच खणखणीत आवाज!

मी एकीकडून दुसरीकडं बघत राहिले. स्टुलावरची उठून उभी राहिली, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "मी धाकटी जाऊ. त्यांना बोलता येत नाही हो. अर्धी जीभ काढलीय. तुम्ही म्हणालात, पेशंट नाही बोलला तर नाव कमी."

मला असा राग आला! तीन आठवडे मी हिला धीर देतेय आणि ही — आवाज ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, अशी माझी शेखी. तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे आठ कुणाचे, मी विचारलं. तुमच्या मनाचे?

तेव्हा खुर्चीतल्या मोठीनं हात उचलला — सुई टोचलेला नव्हे, दुसरा. खुर्चीच्या लाकडी हातावर बोटाच्या पेरानं ठोकायला लागली. माझ्याकडं सरळ बघत. मी मोजत गेले. आठ.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रजा टाकली. दिवसभर तेच डोक्यात.

ती टकटक कामाची नव्हतीच. फोन स्पीकरवर ठेवून दोघी शेजारी बसायच्या. मी विचारायचे, मोठी ब्रशच्या लाकडानं ठोकायची, धाकटी बोलायची. आकड्याला आकडा. हो असेल तर एक, नाही असेल तर दोन. एवढ्यानं काय सांगता येतं, मी काल धाकटीला विचारलं. ती म्हणाली, सगळं.

आणि हे शिकल्या कधी, तर ऑपरेशननंतर नव्हे! त्याआधीच, कितीतरी वर्षं. दोघींचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता एकीलाही आठवत नाही. सात वर्षं एका छताखाली एक अक्षर बोलल्या नाहीत. पण घर तर चालवायचं! मग ठोकायचं. एक — न्हाणीघर मोकळं झालं. दोन — नळाला पाणी आलं. तीन — कारखान्याचा माणूस दारात. हळूहळू वाढत गेलं. चूल पेटली, अंगात ताप आहे, तुझा नवरा आज घुश्शात आहे, जपून. सात वर्षं रुसून रुसून दोघींनी अख्खी भाषा बनवली. आणि जीभ गेली तेव्हा ती तयार होती.

ह्यांना सांगितलं. हे चेष्टा करतील वाटलं. नाही केली. वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, आपण रुसतो तेव्हा तू नुसती भांडी आपटतेस.

मला हसू येतंय आणि अंगावर काटाही येतोय. माणसं काय काय करून जगतात!

२८ फेब्रुवारी, शनिवार

कागद काढून बघितले. प्रत्येक फॉर्मला आजाराची माहिती जोडलेली असते. मी कधी उलटून पाहिलीच नाही. ऑपरेटर नंबर बघतो, बाकी त्याला काय करायचंय! ब्रशवाल्या बाईंच्या कागदावर स्पष्ट आहे — जबडा आणि अर्धी जीभ. मग बाकीचे उलटले. एक्केचाळीसपैकी चौदा जण तोंडाचे नाहीतर घशाचे!

चौदा मुक्यांना आम्ही फोन करून विचारतोय, बोला, कसं वाटतंय? आणि बोलला नाही तर नाव कमी. त्यातली पाच नावं मी माझ्या हातानं खोडली आहेत.

२ मार्च, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं. पाच नावांचंही. आधी त्यांचा विश्वास बसेना, मग चिडल्या. माझ्यावर नव्हे, स्वतःवर असाव्यात, पण बोलणी मी खाल्ली. नियमानं ब्रशवाल्या बाईंचं नाव काढायला हवं, तीन आठवड्यांची माहिती बाद. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं उत्तर चालत नाही.

मी म्हटलं, नाव काढलं तर ती तिसऱ्या डोसाला येणार नाही. सांगून ठेवते. मॅडम म्हणाल्या, मला एकदा ऐकू दे.

३ मार्च, मंगळवार

हा दिवस नीट लिहून ठेवायचा.

अकरा वाजता फोन लावला. मॅडम दुसरा रिसीव्हर कानाला लावून समोर. मी धाकटीला सांगितलं, आज माझ्या मॅडम ऐकताहेत, ताईंना सांगा. टक. "हो म्हणतात," धाकटी म्हणाली. मी म्हटलं, हो ते मला कळलं!

ताण विचारला. सहा ठोके. दोन कमी! का, तर पडदा. समोर कुणी नव्हतं, पोटभर पेज प्यायली, कुणाचं तोंड कुणी वळवलं नाही. हे सगळं धाकटी सांगत होती, आणि मध्येच टक टक आलं की थांबून दुरुस्त करत होती — नाही, नाही, पोटभर नव्हे, अर्धी. मॅडमची पेन्सिल हातातच राहिलेली.

आणि मग मला काय सुचलं कोण जाणे. फॉर्मवर नव्हतं. मी धाकटीला विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं काय?"

"शून्य ते दहा."

ती हसली. म्हणाली, मला कुठं काय झालंय? दोन धरा.

आणि मागून ठोके सुरू झाले. एक. दोन. तीन. मला वाटलं मोठी काही सांगतेय. चार, पाच, सहा. सावकाश, एकेक. सात. आठ. नऊ. "पुरे की जाऊबाई," धाकटी म्हणाली, आवाज निराळाच झाला होता. थोडं थांबून — दहा.

मग धाकटी रडली. किती दिवसांचं असेल! आम्ही दोघी दोन रिसीव्हर धरून बसलेल्या. तिकडं तिच्या रडण्यात मधूनमधून एकच ठोका यायचा. उत्तर नव्हतं कशाचं ते. नुसतं आहे मी, एवढंच असावं.

फोन ठेवल्यावर मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. म्हणाल्या, मी सहा वर्षं हे शिकले. एवढंच बोलल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

४ मार्च

ताठ मानेनं चौथ्या मजल्यावर गेले. जिन्यानं!

९ मार्च, सोमवार

नवा फॉर्म! सहाऐवजी दोन पानं. पान चार गेलं, शांत जागा गेली. कारणांची यादी गेली, त्या जागी नुसत्या मोकळ्या ओळी. उत्तर तोंडानं, ठोकून, लिहून, मान हलवून, दुसऱ्यानं सांगितलेलं — कसंही चालेल. आणि ताणाला दोन रकाने. पहिला पेशंटचा, दुसरा सांभाळणाऱ्याचा. आधी पहिला विचारायचा, मग दुसरा. पहिला शून्य आला तर पेशंटचे पुढचे प्रश्न सोडायचे, उगीच छळायचं नाही, थेट दुसऱ्या रकान्यावर जायचं.

खालच्या सूचना मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतल्या. सातवी माझ्याच डोक्यातली. "रुग्ण दगावल्यास दोन्ही रकाने बंद करून फाइल ऑफिसात जमा करावी." कॉल संपला की प्लग काढायचा, लाइन मोकळी ठेवायची — हे इतकं अंगवळणी पडलंय. मॅडम म्हणाल्या, छान, सुटसुटीत आहे.

खोडलेली पाच नावं परत घातली. त्यांतल्या दोघांपर्यंत उशीर झाला होता. ते लिहून ठेवते. विसरायचं नाही.

१० मार्च, मंगळवार

सगळ्यांना नव्या सूचना वाचून दाखवायच्या होत्या, एक ते सात. ब्रशवाल्या जावांना वाचल्या. सातवीला धाकटी म्हणाली, परत वाचा. परत वाचली. बरं, म्हणाली.

पहिला रकाना पाच. दुसरा सात. (धाकटीनं चार सांगितले. मोठीनं सातावर आणले. हे आता दर आठवड्याचं!)

१९ मार्च, गुरुवार

मोठी तिसऱ्या डोसाला आली. पडद्यामागं अजून दोन खुर्च्या लागल्यात आता. सिस्टर म्हणते, तुमच्यामुळं माझा हॉल नाटकाचा झालाय, जिकडंतिकडं पडदे.

३१ मार्च, मंगळवार

आजचं वेगळंच. म्हातारबाबा, ते मुलगा आला की सांगतो म्हणणारे, आज स्वतः बोलले. घशातून नुसती हवा. मुलाला मी म्हटलं, त्यांना रिसीव्हर द्या आणि तुम्ही बाहेर जा. हवा ऐकायला शिकतेय मी! पाऊण तास लागला. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की मुलानं कामाची जागा सोडू नये. मुलाला ते ठाऊकच नव्हतं. तो इकडं मला सांगतोय, बाबांना वाटतं मी सोडून जाईन.

एका घरात दोघं, आणि त्यांच्यामध्ये तीन तासांवरची मी!

सव्वीस वर्षं लोक माझ्या कानात बोलत होते. मी "हॅलो" आणि "जोडते" याच्यापुढं कधी ऐकलंच नाही. आज जेवताना ह्यांना विचारलं, शून्य ते दहा? म्हणाले, भाजीत मीठ किती त्यावर. मग थोड्या वेळानं, ताट उचलताना म्हणाले, चार. काय चार, ते उद्या विचारीन.

९ एप्रिल, गुरुवार

चौथा डोस. शेवटचा! झाला!!

मोठीला भेटायला गेले तर ती स्वतःच उठून पडद्याबाहेर आलेली. सगळ्या हॉलसमोर. रुमाल बांधलेला नाही. ओठाची एक कड ओढलेली, हनुवटी एका बाजूनं नाहीच. धाकटी मागं पिशवी धरून, भेदरलेली. मोठीनं माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटानं ठोकलं. बारीक, भराभर, मला मोजता येईना. मी धाकटीकडं पाहिलं. धाकटी म्हणाली, हे आकड्यांतलं नाही. हे सात वर्षांतलं आहे.

म्हणजे काय, मी विचारलं. धाकटीला नीट सांगता येईना. म्हणाली, भांडण मिटलं त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ठोकलं होतं हे. मला पण अजून पुरतं कळलेलं नाही.

आत्ता लिहिताना डावा हात मिटूनच बसलेय.

आता दोन महिन्यांनी तपासणी. तोवर दर मंगळवारी फोन.

१४ एप्रिल, मंगळवार

पहिला तीन, दुसरा पाच. मोठीनं काम सुरू केलंय, दिवसाला चाळीस ब्रश. धाकटी म्हणते, मला अडतीसच होतात.

२१ एप्रिल, मंगळवार

पहिला दोन. दुसरा चार, आणि मोठीनं दुरुस्त केलं नाही! धाकटीनं दोनदा विचारलं म्हणे, चार ना जाऊबाई? टक. तिघी हसलो — दोघी तोंडानं, एक लाकडावर.

जरा अंगात कणकण आहे मोठीच्या, वाऱ्यानं असेल, धाकटी म्हणाली. मी सांगितलं, वाढली तर लगेच गावच्या दवाखान्यात दाखवा, थांबू नका. फॉर्मवर तशी नोंद केली.

२८ एप्रिल, मंगळवार

शून्य! पहिल्या रकान्यात शून्य! एक्केचाळिसांतला पहिला!

धाकटीनं पहिल्या रिंगला उचललं. कणकण गेली का विचारलं तर म्हणाली, गेली. मी म्हटलं, विचारू? म्हणाली, विचारा. मी विचारलं आणि थांबले. मनात बारा मोजले. एकही ठोका नाही. लाइन स्वच्छ, मागं कामाचासुद्धा आवाज नाही. शून्य, म्हणू मी? धाकटी म्हणाली, "तुम्हीच लिहा काय ते."

मी टप्पोरं शून्य काढलं. मग दुसरा रकाना. नऊ, म्हणाली. नऊ! बराच वेळ बोललो. झोप नाही, जेवण नाही, ब्रश हातात घेववत नाही. मॅडम म्हणतात, हे असंच असतं — संकट टळलं की सांभाळणारा कोसळतो, इतके दिवस तो दम धरून असतो. खरंच, कसली सोसण्याची ताकद! तिला तसंच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

५ मे, मंगळवार

परत शून्य. पुढचे प्रश्न अर्थात सोडले. दुसरा नऊ. आज पन्नास मिनिटं धाकटीशी. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा मोठीनं ब्रश भरायला कसं शिकवलं, ते सांगत होती. पहिला ब्रश उसवून परत भरायला लावला, अकरा वेळा. मी ऐकत राहिले. घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही.

मॅडम शून्याचा तक्ता भिंतीवर लावणार आहेत. आठापासून शून्यापर्यंत उतरत आलेली रेघ. चौदा तारखेला समिती येतेय, प्रकल्प पुढं चालवायचा की नाही ते ठरवायला. मॅडमना वाटतं, मोठीनं स्वतः यावं, समितीनं तिला बघावं. तक्त्यापेक्षा माणूस बघितला की पटतं. मलाही पटलं. माझ्या डोळ्यांसमोर तिचं ते रुमाल न बांधता बाहेर येणं.

१२ मे, मंगळवार

शून्य. तिसऱ्यांदा!

धाकटीला समितीचं सांगितलं, ताईंना घेऊन याल का? गाडी पाठवू म्हटलं. तरी गप्प. मला वाटलं मोठी नको म्हणत असेल, म्हणून ताईंनाच विचारते म्हटलं, तर घाईनं म्हणाली, नको, नको. "मी येते."

दुसरा रकाना आज दहा. परवा आली की समोर बसवून नीट बोलायचं तिच्याशी. आता तिच्याकडंच जास्त बघायला हवं.

१४ मे, गुरुवार

एकटीच आली. ताई खाली आहेत का, मी विचारलं. खुर्चीत बसली. म्हणाली, "बावीस तारखेलाच गेल्या, बाई. तुमचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. ताप डोक्यात गेला. दवाखान्यापर्यंत पोचलो नाही."

मी तीन फॉर्म काढले. माझ्या अक्षरातली तीन शून्यं.

"त्यांच्या नावानं मी एकदाही ठोकलं नाही," ती म्हणाली. "तेवढं खोटं नाही केलं."

मग सांगितलं का नाही, मी म्हटलं. म्हणाली, सात नंबरची सूचना. दोनदा वाचून घेतली होती तुमच्याकडून. आणि मग खाली बघत — "त्यांचं विचारून झालं की तुम्ही माझं विचारायचात."

खालून निरोप आला, समिती बसलीय, दोघींना घेऊन या. मी दार लावून घेतलं.

आज तिला आधी विचारलं.